वॉरंटी संपून सात आठवडे: एक फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि त्याची सर्व्हिस

आधी तारे देऊन टाकते, बरेच जण तेवढंच बघून पुढे जातात. मशीनच्या धुण्याला चार. ते ज्या पद्धतीने बांधलंय त्याला दोन. सर्व्हिसला पहिले पाच आठवडे शून्य आणि शेवटच्या आठवड्यात तीन. सरासरी तुमची तुम्ही काढा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. भांडण मिटलंय म्हणून नव्हे, तर नंतर मी आणखी दोन कंपन्यांची वॉरंटी कार्डं मिळवून शेजारी ठेवून वाचली आणि अटी जवळजवळ शब्दाला शब्द त्याच निघाल्या. नाव कळून तुमचा फारसा फायदा नाही.

आठ किलोचं फ्रंट लोड, १४०० आरपीएम (पिळताना मिनिटाला फेऱ्या), इन्व्हर्टर मोटर. घरात पाच माणसं, आठवड्याला सहा लोड. कॉलर स्वच्छ निघतात, पाणी कमी लागतं, कपडे दोरीवर दोन तासांत वाळतात. दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचतं, तिथे काळी बुरशी धरते, ते दर रविवारी फडक्याने पुसावं लागतं. एवढं सोडलं तर मशीनबद्दल तक्रार नव्हती. पूर्ण मशीनवर दोन वर्षं वॉरंटी, मोटरवर दहा. तो दहा वर्षांचा गोल स्टिकर दारावर अजून चिकटलेला आहे. त्याची गंमत पुढे येईल.

दोन वर्षं आणि सात आठवडे झाल्यावर मशीन ओरडायला लागलं. म्हणजे खरं तर आधीपासूनच घरघरत होतं. १४०० वर त्रास होतो म्हणून आम्ही १००० वर आलो, मग ८०० वर. माणूस दुखऱ्या गुडघ्याशी जसं जुळवून घेतो, तसं. एक दिवस मुलाने सवयीने १४०० लावलं आणि विमान धावपट्टीवर पळावं तसा आवाज आला. सासूबाई देवघरातून उठून आल्या.

हा आवाज कशाचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्याभोवती आहे. फ्रंट लोडचा ड्रम फक्त मागून धरलेला असतो. पुढे दार असल्यामुळे तिथे आधार देताच येत नाही. ओल्या कपड्यांचा सगळा भार मागच्या एका शाफ्टवर आणि त्या शाफ्टला पेलणाऱ्या दोन बेअरिंगवर. १४०० फेऱ्यांना ड्रमच्या कडेला चिकटलेल्या टॉवेलवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाचशेपट जोर येतो. बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ नये म्हणून मध्ये एक रबरी सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, मग गंज आणि मग ते विमान. घरच्या घरी तपासता येतं. मशीन बंद करा, दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर उचला. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र हलले तर ठीक आहे, ते स्प्रिंगवर टांगलेलेच असतात. टब जागेवर राहून नुसता ड्रम खटखट हलला तर बेअरिंग गेलं. माझा हलला. मशीन भिंतीपासून ओढून मागे बघितलं तर मधोमध तपकिरी ओघळ, खालच्या पत्र्यापर्यंत आलेला, बोट लावलं तर चिकट.

कस्टमर केअरला फोन केला. पहिलं वाक्य: "मॅडम, तुमची वॉरंटी संपली आहे, व्हिजिट चार्ज लागेल." दुसरं: "एएमसी घेतलीत तर व्हिजिट फ्री होईल." म्हटलं, घेते. मग कळलं की एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, फक्त चालू मशीनला मिळते, आधी पैसे भरून दुरुस्ती करा आणि मग एएमसी काढा. त्याचा कागद मागवून घेतला. माझं अख्खं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं आहे, बारीक अक्षर दिसलं की चष्मा आपोआप वर जातो. दुसऱ्या पानावर "प्लास्टिक, रबर व शोभेचे भाग वगळून". सील रबराचं, टब प्लास्टिकचा. म्हणजे माझं मशीन ज्या दोन वस्तूंमुळे बंद पडलं, नेमक्या त्या दोन त्यात नाहीत. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की नाही असं मला जे विचारतात त्यांना मी आता एवढंच सांगते की काय-काय वगळलंय ती ओळ आधी वाचा, हप्ता नंतर बघा.

टेक्निशियन चौथ्या दिवशी आला. शांत, कामाचा माणूस, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ड्रम एकदा हलवला आणि म्हणाला, "ताई, बेअरिंग बसलंय. टब असेंब्ली बदलावी लागेल."

"बेअरिंग गेलंय ना दादा, मग बेअरिंग बदला."

"टब सील्ड आहे. उघडत नाही."

खाली बसून त्याने टॉर्च मारून दाखवलं. बाहेरचा प्लास्टिकचा टब दोन अर्ध्यांचा असतो. काही मशीनमध्ये ते अर्धे स्क्रूने जोडलेले असतात. माझ्यात कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले, मध्ये नुसती एक जाड शिवण. तेव्हा मुठीत मावणाऱ्या दोन बेअरिंग आणि एका सीलसाठी टब, ड्रम, शाफ्ट असा सगळा संच बदलायचा. एस्टिमेट आलं नव्या मशीनच्या किमतीच्या साठ टक्के. आणि मोटरवरची दहा वर्षं? मोटर ठणठणीत आहे. ती आणखी आठ वर्षं कोणाला फिरवणार, एवढाच प्रश्न.

तो टॅबवर जॉब शीट भरत होता. मी म्हटलं, सही करायच्या आधी वाचते. त्यात होतं: "नॉइज प्रॉब्लेम. एस्टिमेट दिलं. कस्टमरने नाकारलं." माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा कागद हाच. अशा कागदावर सही केली की नोंद काय राहते? बाईंचं मशीन जरा आवाज करत होतं आणि बाईंनी दुरुस्ती नाकारली. काय मोडलं ते नाही, कशाने मोडलं ते नाही. मी म्हटलं, दादा, तुम्ही मला आत्ता तोंडी जे सांगितलंत तेच लिहा. तो घुटमळला. सिस्टिममध्ये ठरलेले पर्याय असतात म्हणाला. खाली शेऱ्याची मोकळी चौकट होती, तिथे लिहिलं: "टब सील लीक, मागील बेअरिंग गंजले, ड्रममध्ये प्ले आहे, टब सील्ड असल्याने पूर्ण संच बदलणे आवश्यक. ओव्हरलोडची खूण नाही." प्ले म्हणजे ड्रमचं ते खटखट हलणं. शेवटचं वाक्य मी विचारून घेतलं. खरंच खूण आहे का, असेल तर तेही लिहा, म्हटलं. त्याने लिहिलं तेव्हाच मी सही केली आणि पावतीचा फोटो काढला.

घरात एव्हाना दोन पक्ष पडले होते. मिस्टर म्हणे, जाऊ दे, नवीन घेऊ. मुलगा म्हणे, ओळखीचा मेकॅनिक आहे. तो मेकॅनिकही येऊन गेला. खासगी, अनुभवी, बोलायला स्पष्ट. असले सील्ड टब तो शिवणीवर करवतीने कापतो, बेअरिंग आणि सील बदलतो, कडेने भोकं पाडून नट-बोल्ट मारतो आणि सिलिकॉन भरून बंद करतो. खर्च कंपनीच्या एस्टिमेटच्या चौथा हिस्सा. "पण गळणार नाही असं लिहून देणार नाही," म्हणाला. मला तो प्रामाणिकपणा आवडला. कंपनीने साफ हात वर केले असते तर मी त्याच्याकडेच गेले असते. पण एकदा त्याने टब कापला की कंपनीला विचारायचा रस्ता बंद, पुरावाच कापला गेला. म्हणून त्याला म्हटलं, थोडं थांबा.

आता कायद्याचं. वॉरंटी संपली म्हणजे आपला हक्क संपला असं आपण सगळेच धरून चालतो, आणि कॉल सेंटरचं ते पहिलं वाक्य त्याच समजुतीवर उभं असतं. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेला शब्द. त्या कार्डाबाहेर कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, लागू झाला २० जुलै २०२० पासून, त्याआधी १९८६ चा होता. त्यात सदोष वस्तूची तक्रार करण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, आणि वॉरंटी कार्ड आणि ही मुदत या दोन वेगळ्या गोष्टी. उत्पादकाच्या जबाबदारीवर एक वेगळं प्रकरणच आहे. वस्तू किती टिकेल याची पुरेशी चाचणी न करता हमी देणं हेसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. माझ्या दारावरचा तो स्टिकर मी त्या दिवशी पुन्हा एकदा वाचला.

पण हुरळून जाऊ नका. वॉरंटीनंतर काही मोडलं की कंपनीने फुकट दुरुस्त करावं असं कायदा म्हणत नाही. झीज वेगळी, दोष वेगळा. दोष मुळातला होता हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ग्राहक आयोगाला गरज वाटली तर तो वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. आपल्याकडे "वॉशिंग मशीन अमुक वर्षं टिकलंच पाहिजे" असा आकडाही नाही. नॉर्वेत बराच काळ टिकाव्यात अशा अपेक्षेच्या वस्तूंसाठी तक्रारीची मुदत पाच वर्षं आहे, विक्रेत्याची वॉरंटी काहीही म्हणो. युरोपियन युनियनमध्ये कायद्याची हमी किमान दोन वर्षं, आणि मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम आहे. त्या यादीत ड्रम आणि बेअरिंग आहेत. वाचून बरं वाटलं, तेवढ्यात पुढचे शब्द दिसले: सुटे किंवा एकत्र. म्हणजे बेअरिंग ड्रमसकटच विकलं तरी नियम पाळला. सील्ड टबवाल्यांनी तिथेही आपली जागा राखली आहे.

इथपर्यंत माझी बाजू लंगडीच होती. दोन वर्षं सात आठवडे, रोजचा वापर, रबरी सील. समोरच्याने झीज म्हटलं की मी काय दाखवणार? मग एका रात्री झोप येईना म्हणून फोनमधले जुने मेसेज खाली-खाली ओढत बसले. मेसेज न पुसण्याची माझी खोड, त्यावरून घरात कायम बोलणी खाते. त्यात सापडलं: बाविसाव्या महिन्यातला तक्रार क्रमांक, त्याच कंपनीचा. "स्पिनच्या वेळी आवाज." आणि दुसऱ्या दिवशीचा मेसेज: "आपली तक्रार सोडवली आहे. केलेले काम: लेव्हलिंग." मला पूर्ण विसर पडला होता. तेव्हा एक मुलगा आला होता, पायाचे स्क्रू फिरवून, वर पाण्याचा पेला ठेवून बघून गेला होता. ड्रमला हातही लावला नव्हता.

आता गोष्टच बदलली. दोष वॉरंटीतच दिसला, मी वॉरंटीतच कळवला, त्यांनी चुकीचं निदान करून तक्रार बंद केली. नंतर जे झालं ते त्याच तक्रारीचं पुढचं पान. तुमच्यापैकी कोणाचं मशीन वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात कुरकुरत असेल तर आत्ता, आजच तक्रार नोंदवा, आणि तो क्रमांक जपून ठेवा. "बघू पुढच्या महिन्यात" यात माझी सात आठवड्यांची फजिती झाली असती.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. एका पानाचा. कायद्याची कलमं टाकली नाहीत, शिव्या टाकल्या नाहीत. ओळीने तारखा, दोन्ही तक्रार क्रमांक, जॉब शीटचा फोटो, बिल, मागच्या ओघळाचा फोटो, १४०० वरच्या आवाजाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. आणि शेवटी काय हवं ते एका वाक्यात: टब संच विनामूल्य बदलून मिळावा, उत्तर पंधरा दिवसांत. काय हवं ते न लिहिता नुसता संताप लिहिला की उत्तरात "आम्हाला खेद आहे" येतं आणि खेदाने कपडे पिळले जात नाहीत. मला तर खेदही आला नाही. आपोआप जाणारी पोच आली, मग शांतता.

सोळाव्या दिवशी १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. याबद्दलही प्रामाणिकपणे लिहिते: हे कोर्ट नव्हे, ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, बस. पण कंपनीत ती वेगळ्या टेबलावर पडते, हे माझ्या लक्षात आलं. सोळा दिवस गप्प असलेल्यांचा चौथ्या दिवशी फोन. यातून काही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी ठेवली होती. आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला अर्जाची फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, वस्तू तपासणीला गेली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात हे ज्यांनी केलंय ते सांगतील. पाच माणसांचे कपडे हाताने धूत तेवढं थांबायचं का, हा विचार मीही केला होता.

फोनवरच्या बाई फार गोड बोलल्या. "सौजन्य म्हणून" पार्टवर पन्नास टक्के सवलत. सौजन्य या शब्दाने माझं डोकं फिरलं, पण आवाज चढवला नाही. म्हटलं, सौजन्य नको, बाविसाव्या महिन्यातली तक्रार उघडून वाचा आणि ड्रम न तपासता ती बंद का केली तेवढं लेखी कळवा. पलीकडे कीबोर्डचा आवाज. "मॅडम, मी परत फोन करते." दोन दिवसांनी फोन आला: पार्ट मोफत, लेबर आणि व्हिजिट माझ्याकडे. मी पूर्ण मागितलं होतं. आणखी ताणलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. पण तोपर्यंत माझ्या मनगटांनी तह करून टाकला होता, चादरी पिळून पिळून. मान्य केलं, दोन अटींवर. बसवलेल्या पार्टची मुदत लेखी हवी, आणि जुना टब नेण्याआधी मला मागून बघू द्यायचा. पार्टवर एक वर्ष मागितलं, तीन महिने मिळाले. इथे मी हरले, नोंद असू दे.

काम करायला तोच टेक्निशियन आला, सोबत एक मदतनीस. सवा तीन तास. बाहेर काढलेला टब त्यांनी गॅलरीत उलटा ठेवला. शाफ्टभोवती लाल-तपकिरी लगदा, आणि सीलची ओठासारखी कड एका बाजूने कातरल्यासारखी फाटलेली. बाकी सगळीकडे साबूत. झीज असती तर सगळीकडून सारखी झिजली असती ना, मी विचारलं. तो हसला, काही बोलला नाही. मी फोटो काढले. ड्रमच्या मागची तीन हातांची ॲल्युमिनिअमची चकती, तिला ते स्पायडर म्हणतात, तिच्यावर पांढरे खड्डे पडायला लागले होते. त्याने आपणहून सांगितलं की पावडर कमी वापरा आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा, साबणाचा थर साचून ती चकती खाल्ली जाते. दोन वर्षांत हे पहिल्यांदा कोणी सांगितलं. मॅन्युअलमध्ये आहे, नंतर शोधलं, पान ३१ वर, टेबलाखालच्या टिपेत.

मशीन जोडून झाल्यावर त्याने टॅब पुढे केला. सहीच्या चौकटीवर आधीच छापलेलं: "काम पूर्ण. कस्टमर समाधानी." म्हटलं, दादा, अजून एक फेरी फिरली नाही आणि मी समाधानी पण झाले? तो म्हणाला, ताई, ते आपोआप येतं. मग मी चार ओले टॉवेल टाकले, १४०० लावलं आणि आम्ही तिघं बाथरूमच्या दारात उभे राहिलो. पाण्याचा पेला मीच वर ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, "१४०० वर चाचणी घेतली, आवाज नाही, पार्टची मुदत आजपासून ९० दिवस," आणि खाली सही केली.